विनोदी नाटक कायम दिवाणखान्यातच का घडतं?

तिसरी_घंटा

आमच्या सोसायटीत (बंगळुरू, साडेचारशे फ्लॅट, त्यात मराठी घरं जेमतेम साठ) दर गणपतीत पाऊण तासाचं नाटक होतं. यंदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विनोदी हवं, ही एकच अट. सेक्रेटरींच्या मिसेसना रोल हवा ही दुसरी, पण ती तोंडी आहे.

काल रात्री लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य आपसूक उतरलं. "पडदा उघडतो तेव्हा एका मध्यमवर्गीय घराचा दिवाणखाना. मधोमध सोफा. डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे मुख्य दार, मागे बेडरूम." एवढं लिहिलं आणि थबकलो. गोष्ट काय आहे ते मला अजून माहीत नाही, पात्रं ठरलेली नाहीत, आणि सोफा मात्र येऊन बसलासुद्धा!

लहानपणी डोंबिवलीत पाहिलेली विनोदी नाटकं आठवली तर दहातली आठ ह्याच सोफ्यावर झालेली. तर जाणकारहो, नाटककार विनोदी नाटकाची जागा ठरवतात कशी? की ठरवतच नाहीत?

बोलघेवडी

पहिली!
सोफा नसेल तर नवरा भलत्या पाहुणीला लपवणार कुठे?

अण्णा_सातारकर

चणे-फुटाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

विंगेतला_माणूस

अठ्ठावीस वर्षं व्यावसायिक नाटकांच्या बॅकस्टेजला काढली, आता घरी असतो. लेखकाच्या डोक्यात काय असतं ते लेखकांना विचारा. मी टेम्पोचं सांगतो.

शनिवार-रविवारी दोन-दोन प्रयोग. दुपारचा दादरला शिवाजी मंदिरात, रात्रीचा ठाण्याला गडकरीत. पहिला संपला की पब्लिक अजून जिन्यात असतं आणि इकडे आम्ही खिळे उपटायला घेतलेले असतात. सेट सोडवा, टेम्पोत भरा, सायनच्या ट्रॅफिकमध्ये बसा, ठाण्याला उतरवा, उभा करा, वर लाइटवाल्याला फोकस लावायला अर्धा तास सोडा. ह्या सगळ्यात एखाद्या लेखकाने "अंक दुसरा, समुद्रकिनारा" असं लिहून ठेवलेलं असलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

दिवाणखाना म्हणजे सात-आठ फ्लॅट. लाकडी चौकटीवर कापड ताणून नाहीतर प्लाय मारून केलेल्या भिंतीला आम्ही फ्लॅट म्हणतो. (फ्लॅट जोडून फ्लॅट होतो, हा विनोद प्रत्येक नवा पोरगा पहिल्या आठवड्यात करतो. हसायचं आणि त्याला हातोडी द्यायची.) पाठीमागे खडूने नंबर घातलेले. शेजारच्या दोन फ्लॅटच्या बिजागऱ्या एकमेकींत बसवायच्या, वरून खिळा सोडायचा, मागून तिरका टेकू. चार माणसं पाऊण तासात संसार उभा करतात. सोफा तर दौऱ्यावर कैकदा नेतच नसू. गावातल्या मंडपवाल्याकडून घ्यायचा. लाल मखमल, सोनेरी पाय, ज्यावर लग्नात नवरानवरी बसतात तो. आणि नाटकात घर कुणाचं? कारकुनाचं. प्रेक्षकांनी कधी तक्रार केली नाही.

घरून न्यावंच लागतं ते दार. फार्सचा जीव सोफ्यात नसतो, दारात असतो. दार रंगमंचाच्या बाजूला उघडलं तर त्याच्यामागे माणूस उभा राहू शकतो. बाहेरच्या बाजूला उघडलं तर येणारा नट डोक्यापासून पायापर्यंत एकदम दिसतो आणि एन्ट्रीला हशा मिळतो. कुठलं दार कसं उघडायचं ह्यावर तालमीत भांडणं झालेली मी पाहिलीत. आणि आपटल्यावर भिंत हलली की मेलो. म्हणून दाराच्या फ्लॅटला टेकू दोन आणि खाली वजन.

शंकेखोर

काका, आदर आहे, पण टेम्पोचा मुद्दा पटला नाही. संगीत नाटकाच्या काळात कंपन्या राजवाडा, बाग, रस्ता, जंगल असे पडद्यांचे ढीग घेऊन गावोगाव फिरायच्याच की. तेव्हा कोणी म्हणालं नाही की एकाच खोलीत उरका.

'संशयकल्लोळ' घ्या. देवलांनी ते आधी गद्यात 'फाल्गुनराव' म्हणून लिहिलं आणि १९१६ मध्ये संगीत होऊन आलं. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएर, इंग्लंडमार्गे इकडे पोचलेला. त्यात भानगडीला सुरुवात होते ती भर रस्त्यात. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव सावरायला जातो आणि नेमकी बायको बघते. हे घरात होऊच शकत नाही. परक्या बाईला सावरायला रस्ताच हवा आणि संशय घ्यायला घर. देवलांना दोन्ही लागलं, त्यांनी दोन्ही घेतलं.

दिवाणखाना नंतरचा. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर ह्या संस्थेने वर्तकांचं 'आंधळ्यांची शाळा' केलं, नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून. रंगवलेले पडदे जाऊन खऱ्यासारखी खोली आणि खरं फर्निचर आलं. ते नाटक गंभीर होतं बरं का. म्हणजे सोफा आणला गंभीर लोकांनी आणि त्यावर लोळले विनोदी लोक. माझं म्हणणं एवढंच की जागा प्रेक्षक ठरवतो. ज्याच्या घरात नुकताच सोफा आलाय त्याला रंगमंचावरही सोफाच बघायचा असतो.

विंगेतला_माणूस

पडदा बांबूला गुंडाळता येतो हो. दार गुंडाळून दाखवा.

अण्णा_सातारकर

काका १, शंकेखोर ०.

मृण्मयी_प

इंग्रजी शिकवते, त्यामुळे तास घेतल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

दिवाणखाना हा विनोदी नाटकाचा अगदी अलीकडचा पत्ता आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी रोममध्ये प्लॉटस लिहीत होता तेव्हा सगळं नाटक रस्त्यावर घडायचं. मागे दोन-तीन घरांची दारं, पुढे रस्ता. घराच्या आत आपण कधीच जात नाही. आत काय चाललंय ते कोणीतरी बाहेर येऊन सांगतं. काकांचं दाराचं म्हणणं तेव्हापासूनचं आहे.

आणि गाव कुठलं? रोम नाहीच. अथेन्स, नाहीतर एपिडॅम्नस. ग्रीक नावाचे, ग्रीक कपड्यातले लोक आणि बोलतात लॅटिन. कारण त्या नाटकांत हुशार गुलाम मालकाला रोज उल्लू बनवतो. हे रोममध्ये घडतंय म्हटलं असतं तर समोर बसलेल्या मालकांना ते रुचलं नसतं. "तिकडे ग्रीसमध्ये असं चालतं" म्हटलं की सगळे हसायला मोकळे.

शेक्सपिअरने हेच केलं. इटलीतली मेसिना, व्हेनिस, पादुआ, शिवाय अथेन्सजवळचं जंगल, इलिरिया. सरळसरळ इंग्लंडातल्या गावात घडणारी त्याची विनोदी नाटिका एकच, विंडसरची. पण तो नुसता परदेश म्हणून कुठलंही नाव घेत नाही. 'कॉमेडी ऑफ एरर्स'ची गोष्ट त्याने प्लॉटसकडून उचलली. प्लॉटसच्या नाटकाचं गाव होतं एपिडॅम्नस, शेक्सपिअरने ते बदलून इफिसस केलं. बायबल वाचलेल्या प्रेक्षकाला इफिसस म्हणजे जादूटोण्याचं गाव हे ठाऊक होतं. आता जुळ्यांपैकी परगावचा भाऊ तिथे येतो, अनोळखी बाई त्याला "अहो, जेवायला चला" म्हणते, सोनार फुकट साखळी हातात ठेवतो. त्याला वाटतं ह्या गावात भूतबाधा आहे. एपिडॅम्नसमध्ये तो चक्रावला असता. इफिससमध्ये तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जास्त विनोदी असतो. गावाचं नाव बदलून त्याने अख्ख्या पात्राचा स्वभाव मिळवला.

बोलघेवडी

ताई, तुमच्या वर्गात असते तर इंग्रजीत पास झाले असते.

रानफूल

मृण्मयीताईंचा "परगावी घडवा" हा मुद्दा आपल्या वगातही आहेच की. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ चं. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार. राज्य कुठलं ते कशाला सांगायचं? राजवाडा म्हणायचं की झाला राजवाडा. सेट शून्य. आणि त्या बिननावाच्या राज्यातला हवालदार बोलतो ते सगळं आजच्या मंत्रालयाबद्दल. प्रत्येक प्रयोगात ताजी बातमी घुसवता येते, कारण जागेला ना साल आहे ना पत्ता.

इंदुरी_जिरावन

तुमच्या ह्या धाग्यात इंदूर अजून आलं नाही? 'तुझे आहे तुजपाशी' विसरलात काय भिया?

पुलंनी १९५७ मध्ये ते नाटक इंदुरात घडवलं. लिहिणारे मुंबई-पुण्याचे, बघणारे मुंबई-पुण्याचे, मग इंदूर का? माझं मत सांगतो, आमच्या आजोबांच्या वाड्याच्या अनुभवावरून. आजोबा होळकरांच्या संस्थानात नोकरीला होते. संस्थान गेलं, नोकरी गेली, पण दुपारी चारला अत्तराचा फाया कानात आणि रात्री जेवण झाल्यावर सराफ्यात रबडी, हे गेलं नाही. घरात पैसा नव्हता, शौक होता. आम्हाला कोणालाच त्यात काही गैर वाटत नसे. पुण्याहून आलेल्या आत्याच्या मिस्टरांना मात्र ते "उधळे" वाटायचे. त्यांनी एकदा हिशेबाची वही मागितली होती आजोबांकडे! आजोबांनी वही दिली. तिच्यात शेर लिहिलेले होते.

आता काकाजी पुण्याच्या वाड्यात बसवा. तो वाया गेलेला म्हातारा होईल आणि आचार्य लगेच बरोबर ठरतील. इंदुरात काकाजी सरळ उभे राहतात, कारण गावच त्यांच्या बाजूचं आहे. आणि ती हिंदी मिसळलेली मराठी. ती बोली कानावर पडली की मुंबईचा प्रेक्षक अर्धा हसायला लागतो आणि अर्धा विरघळतो. भांडण दोन विचारांचं आहे, पण पुलंनी घर असं निवडलंय की पहिल्या दहा मिनिटांत कोण जिंकणार ते कळावं. थोडी चीटिंगच आहे म्हणा.

शंकेखोर

हे मात्र पटलं. म्हणजे दिवाणखाना असला तरी तो कुठल्या गावातला ह्याने फरक पडतो.

आणि मी माझं वरचं विधान थोडं मागे घेतो. जागा प्रेक्षक ठरवतो हे नेहमी खरं नाही. आळेकरांच्या 'महानिर्वाण'ला (१९७४) प्रेक्षकाने जागा सुचवली असणं शक्य नाही. भाऊराव मेलेत, चाळीतले लोक जमलेत, आणि भाऊरावांचा हट्ट काय, तर जुन्याच स्मशानात जाळा. ते स्मशान बंद झालंय. जागेवरूनच सगळा तिढा. गंमत म्हणजे प्रेत सोडून सगळ्यांना घाई आहे.

खटपट्या

माझं साधं गणित आहे. विनोदाला जागा लागत नाही, नियम लागतो. जागा म्हणजे तो नियम घेऊन येणारा टेम्पो. (काकांची माफी मागून.)

'मोरूची मावशी'चं मूळ इंग्रजी नाटक, 'चार्लीज आंट', १८९२ चं. ऑक्सफर्डला कॉलेजात राहणारी पोरं, त्यांना मुलींना खोलीवर जेवायला बोलवायचंय. नियम असा की कोणी वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय मुली येणार नाहीत. मावशी येणार होती, वेळेवर आली नाही, मग मित्राला लुगडं. म्हणजे स्कर्ट. सगळा धुमाकूळ त्या एका नियमाच्या पोटातून निघतो. अत्र्यांनी ते मराठीत आणलं तेव्हा आपल्याकडे तो नियम इंग्रजांपेक्षा कडक होता, त्यामुळे मावशी बोटीतून उतरली ती थेट आपल्या घरची झाली. आज हेच नाटक पुण्यातल्या आयटीवाल्या पोरांच्या फ्लॅटमध्ये घडवून बघा. मुली येतील, मॅगी खातील, जातील. मावशी कशाला?

अजून एक. रे कूनीचं 'रन फॉर युवर वाइफ'. टॅक्सीवाला, दोन बायका, एक विम्बल्डनला, एक स्ट्रेथमला. टॅक्सीवालाच का? वेळीअवेळी घराबाहेर असण्याचं कारण धंद्यातच आहे. आणि सेट एकच, त्यात दोन्ही घरं एकाच वेळी. एका बायकोच्या नाकासमोरून दुसरी चालत जाते आणि दोघींना पत्ता नाही. टेम्पोचा खर्च अर्धा.

विंगेतला_माणूस

असे लेखक आम्हाला मिळाले नाहीत.

खिडकीतली_चिमणी

सगळे दिवाणखान्यावर बोलताय पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. दिवाणखाना ही पुरुषांची खोली आहे. बायका ट्रे घेऊन येतात, एक टोमणा मारतात, आत जातात. आत काय चाललंय? खरं नाटक आत चाललंय! माझ्या सासरी पाहुणे आले की हॉलमध्ये राजकारण आणि हवामान. स्वयंपाकघरात मात्र जाऊबाई पुरी लाटता लाटता सांगत असतात की पाहुण्यांच्या मुलीचं पहिलं लग्न का मोडलं, आणि मोठ्या नणंदबाई कढईतून नजर न काढता म्हणतात, "पुरी फुगली नाही ही. पुढे सांग." एवढा ऐवज आणि त्यावर मराठीत विनोदी नाटक नाही?

इंग्लंडच्या ॲलन एकबोर्नने १९७२ मध्ये लिहिलंय तसं. तीन अंक, तीन घरं, आणि तिन्ही अंक स्वयंपाकघरात. पार्टी बाहेर हॉलमध्ये, तिचा नुसता आवाज. त्याने म्हणे सुरुवात बैठकीच्या खोलीपासून केली होती आणि मग लक्षात आलं की मजा पलीकडे आहे.

बोलघेवडी

चिमणीताईंना साष्टांग. आणि त्या ट्रेमधले कप रिकामे असतात हे तर अजून बोललेच नाही मी! नट कप असा उचलतो की त्यात कापूस आहे. पाच सेकंदांत घोट, "वा, काय चहा झालाय!" भाजतही नाही.

रानफूल

आणि बॅगा! परदेशातून आलेल्या भावाची बॅग दोन बोटांनी उचलतात.

विंगेतला_माणूस

चहा ठेवला की सांडतो. सांडला की पुढच्या अंकात कोणीतरी घसरतो. म्हणून रिकामे कप. दारू मात्र असते. म्हणजे काळा चहा. गार, बिनसाखरेचा. एक ज्येष्ठ नट त्यात साखर घालून मागायचे, दोन प्रयोगांत चार ग्लास व्हिस्की पिऊन घरी जाऊन जेवायचे नाहीत.

अण्णा_सातारकर

काका, एवढ्या वर्षांत कधी दार अडकलं का? खरं सांगा.

मालवणी_खाजां

दिवाणखानो खंयचो घेवन बसलास? आमच्याकडे जत्रेक दशावतार जाता, तेका सेट म्हणजे एक बाकडां. राजा बसलो की तां सिंहासन, देव बसलो की तां वैकुंठ, आणि फाटेक नाटकवालो आडवो झालो की तां खाट.

(आता सगळ्यांना कळेल असं.) गवाणकरांचं 'वस्त्रहरण' कोणी कसं काढलं नाही? गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि ते बसण्याऐवजी कोसळतं. रंगमंचावर रंगमंच. ह्याहून स्वस्त सेट नाही आणि ह्याहून मोठी आफतही नाही, कारण भीम झालेला माणूस भीमही आहे आणि गावातला अमुक तमुकही आहे, आणि दोघांची उधारी एकाच दुकानात. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांवर प्रयोग नेले. १९८० चं नाटक. लंडनला मायकेल फ्रेनचं विंगेमागच्या गोंधळाचं नाटक, 'नॉइजेस ऑफ', आलं १९८२ मध्ये. आम्ही दोन वर्षं आधी. नोंद घ्यावी.

म्हापशेकर

गोव्यातून दोन पैसे. वर इटलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पहिलं तियात्र, म्हणजे आमचं गाण्यांचं कोंकणी नाटक, १७ एप्रिल १८९२ ला झालं, तेही मुंबईत, आणि नाव काय? 'इटालियन भुरगो'. भुरगो म्हणजे पोरगा. इटलीचा मोह शेक्सपिअरपुरता नव्हता.

काकांच्या टेम्पोच्या प्रश्नावर तियात्रवाल्यांचा उपाय बघा. दोन प्रवेशांच्या मधे पडदा पडतो आणि गायक पडद्यापुढे येऊन कांतार म्हणतो. त्याचा नाटकाशी संबंध असेलच असं नाही. बऱ्याचदा सरकारला शिव्या असतात. लोक टाळ्या वाजवतात, तोवर मागे घराचं पोलीस स्टेशन होतं. त्यामुळे आमच्या लेखकाला एका खोलीत कोंडून घ्यावं लागत नाही. सुतारकाम झाकायला गाणं आहे.

विंगेतला_माणूस

@अण्णा, अडकलं होतं. तालुक्याचं ठिकाण, भर पावसाळा, लाकूड फुगलेलं. सेटवर बाथरूमचं दार होतं, त्यात नवऱ्याने शेजाऱ्याला कोंडायचं आणि तीन वाक्यांनंतर त्याने बाहेर यायचं. तीन वाक्यं झाली. आतून धक्के सुरू. भिंत हलतेय, दार हलत नाही. नट मंडळींनी हवामानावर बोलून घेतलं, महागाईवर बोलून घेतलं. मी मागून ढकलतोय तर आतला नट कुजबुजतोय, "काका, उलटं उघडतं हे, पुढून ढकलायला हवं."

पुढून म्हणजे रंगमंचावरून. अंगात बनियन, हाफपँट, कानावर पेन्सिल, हातात पटाशी. गेलो. पब्लिक एकदम गप्प. मुख्य नट माझ्याकडे बघून म्हणाला, "या, सोसायटीने पाठवलं का?" मी म्हटलं, "हो." दार उचकटलं, शेजारी बाहेर पडला, टाळ्यांनी पत्रे हादरले. माझा रंगभूमीवरचा एकमेव संवाद.

बोलघेवडी

हसून हसून पुरेवाट! ऑफिसात सगळे बघतायत.

तिसरी_घंटा

दोन दिवस कामात होतो, आज सगळं एका बैठकीत वाचलं. सोफा विकायला काढलाय. इतके दिवस गोष्ट शोधत होतो, आता जागा शोधतोय. सुचवा.

अण्णा_सातारकर

सोसायटीची वार्षिक सभा. लिहायची गरज नाही, मागच्या वर्षीचे मिनिट्स वाचून दाखवा.

रानफूल

बेसमेंटचं पार्किंग?

बोलघेवडी

बस! 'टुरटूर'सारखी सहल काढा. खुर्च्या लावल्या की झाली बस.

खटपट्या

जागा नका शोधू, नियम शोधा. तुमच्या सोसायटीत असा कुठला नियम आहे जो सगळे तोंडाने पाळतात आणि कोणीच पाळत नाही?

तिसरी_घंटा

@खटपट्या, ह्या प्रश्नाने काम केलं. आमचा नियम: पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही. परिपत्रक लिफ्टशेजारीच चिकटवलंय. त्याच्या खाली माझ्या मजल्यावर ह्या क्षणी काय आहे ते दार उघडून बघून लिहितो. तामिळ आजींची तुळस आणि तांदळाच्या पिठाचा कोलम. समोरच्यांचं चपलांचं कपाट, त्यावर गणपती, म्हणजे हलवायची सोय नाही. एक तीनचाकी सायकल. कोणाचं तरी पार्सल, तिसरा दिवस. आणि आमचं स्वतःचं जुनं वॉशिंग मशीन, एप्रिलपासून "उद्या भंगारवाला येतोय".

तर जागा ठरली. सातवा मजला, लिफ्टसमोरचा पॅसेज. चार दारं आणि लिफ्टचं पाचवं.

मृण्मयी_प

अहो, हा प्लॉटसचा रस्ता झाला! मागे घरांची दारं, पुढे सगळ्यांची मिळून असलेली आणि कोणाचीच नसलेली जागा, आतलं काही दिसत नाही, बाहेर येऊन सांगावं लागतं. फक्त रोममध्ये वॉशिंग मशीन नव्हतं.

खिडकीतली_चिमणी

आणि सगळ्या बायका दाराशी उभ्या राहू शकतात, ट्रेशिवाय. मंजूर.

शंकेखोर

दोन शंका. एक, माणसं पॅसेजमध्ये थांबतील कशाला? दिवाणखान्यात पाहुणा उठून जाऊ शकत नाही, इथे कोणीही दार लावून घेईल. दोन, मोबाइल. आजकाल कुठलाही गैरसमज एका फोनने मिटतो. अर्धे फार्स त्यानेच मेले.

तिसरी_घंटा

एक: लिफ्ट बंद पडलेली. आत सेक्रेटरी अडकलेले. परिपत्रकाच्या तपासणीला येत होते. ते सुटायच्या आत चारही घरांना पॅसेज रिकामा करायचाय, आणि सुटू नयेत अशीही सगळ्यांची इच्छा आहे.

दोन: आमच्या लिफ्टपाशी नेटवर्क येत नाही. हे मी बनवलेलं नाही. सातव्या मजल्यावरची माणसं फोनवर बोलता बोलता जिन्यात जाऊन उभी राहतात.

आणि सेक्रेटरींच्या मिसेसचा रोलसुद्धा सुटला. लिफ्टमधून "कृपया दरवाजा बंद कीजिए" म्हणणारी बाई असते ना, तो आवाज त्यांचा. नाटकभर आहे. नवरा आत अडकलाय आणि ह्या दर दोन मिनिटांनी त्याला दार बंद करायला सांगतायत. त्यांना विचारलं, खूश आहेत. म्हणाल्या, घरी हेच करते.

इंदुरी_जिरावन

वा भिया. आणि तामिळ आजींना मराठी येतं की नाही हे शेवटपर्यंत कळू देऊ नका.

तिसरी_घंटा

ही सूचना चोरली आहे. काका, आता खरा प्रश्न तुमच्यासाठी. लिफ्टचं दार कसं करायचं? बजेट चार हजार, स्टेज क्लबहाउसचं, उंची साडेनऊ फूट.

विंगेतला_माणूस

सोपं आहे. सरकत्या पडद्याची ॲल्युमिनियमची पट्टी मिळते, ती चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीला मागून मारा. सनबोर्डचे दोन पल्ले, राखाडी रंग, त्यावर किचनमधला चकचकीत फॉइल पेपर ताणून. थर्माकोल नको, कचकच वाजतो. दोन्ही पल्ल्यांना सुतळी, एक माणूस मागे बसून ओढेल. आत दोन फुटांवर काळा पडदा आणि एक पिवळा बल्ब, की झाली लिफ्ट. वर मजल्याचा आकडा दाखवायला बटर पेपरवर ७ कापून मागून टॉर्च. खालची पट्टी लावू नका, सेक्रेटरी बाहेर येताना अडखळतील. लावायचीच असेल तर लावा, हशा आहे.

आणि पाऊस असतो गणपतीत. पल्ले दोन दिवस आधी बसवून बघा. अडकले तर कळवा, बंगळुरूला येतो. संवाद पाठ आहे.